पन्नाशीच्या आसपास यशाचा हिशेब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंचेचाळीस ते पंचावन्नच्या घरातली नोकरदार किंवा घर सांभाळणारी माणसं हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. उत्तरं देताना मी बाजू घेतली आहे, हे आधीच सांगून टाकतो. 'सकारात्मक राहा' एवढंच ऐकायचं असेल तर इथे निराशा होईल. पैशाचं उत्तर मुद्दाम लांबलचक ठेवलंय. या विषयावर भाषणं देणारी मंडळी नेमकं तेच गाळतात.

शाळेच्या ग्रुपवर सगळे पुढे गेलेले दिसतात. मीच मागे राहिलो का?

अंबानींच्या घराचे मजले मोजून कुणाची झोप उडत नाही. झोप उडते ती दहावीत आपल्या वहीतून गणितं उतरवणाऱ्या बाळ्याने बाणेरला थ्री बीएचके घेतला म्हणून. माणूस स्वतःला आपल्यासारख्यांच्या शेजारी उभं करून मोजतो, हे लिऑन फेस्टिंजर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडून ठेवलं आहे. त्यात भर पडली शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपची. ज्यांची गाठ लग्नकार्यात कधीतरी पडायची, ते आता रोज सकाळी सातला गुड मॉर्निंग करतात आणि रविवारी नव्या गाडीला हार घालून फोटो टाकतात. ज्याचा धंदा बसला तो ग्रुपवर गप्प असतो. त्यामुळे वर्गाची सरासरी जी दिसते ती खरी नसतेच.

या वयातल्या अस्वस्थतेला 'मिडलाइफ क्रायसिस' हे नाव एलियट जॅक या मनोविश्लेषकाने १९६५ मध्ये दिलं. तेव्हा तो स्वतः अठ्ठेचाळीसचा होता. २००८ मध्ये ब्लँचफ्लॉवर आणि ऑस्वल्ड या अर्थतज्ज्ञांनी अनेक देशांतली आकडेवारी तपासली. तिच्यात समाधान तरुणपणी जास्त, चाळिशीत तळाला आणि पुढे पुन्हा वर, असा आलेख दिसला. हा खड्डा प्रत्येकाच्या आयुष्यात येतोच का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. तेव्हा 'वयच असं आहे' म्हणून विषय मिटवू नका, पण 'माझ्याच नशिबी का' हेही म्हणू नका.

हे नैराश्य तर नाही ना?

असू शकतं. झोप, भूक, कामातलं लक्ष आणि आवडीच्या गोष्टींतला रस हे सगळंच दोन आठवड्यांहून जास्त काळ गेलेलं असेल, तर यशाची व्याख्या बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. थायरॉइड, रजोनिवृत्ती, वाढलेली साखर हेसुद्धा तपासून घ्या. फोनवर बोलायचं असेल तर केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा आहे, क्रमांक १४४१६. मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत. पुढची उत्तरं त्यानंतर वाचा.

'आपली व्याख्या आपण करायची' म्हणजे नेमकं बसून करायचं काय?

पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात खरेदी विभागात काम करणारे माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. त्यांनी कागदावर आधी लिहिलं: समाधान, आरोग्य, कुटुंब. ते वाचून त्यांनाच हसू आलं, कारण हे शब्द तर बँकेच्या कॅलेंडरवरही छापलेले असतात. मग ते खोडून त्यांनी साध्या मंगळवारचा दिवस लिहायला घेतला. 'साडेसहाला घरी. अप्पांच्या रात्रीच्या गोळ्या मी देणार, बाई नाही. आठवड्यातून एकदा सिंहगड, गुडघे चालतायत तोवर. वर्षाला एका पोराची फी भरणार, नाव न सांगता. साहेबाच्या खुर्चीवर डोळा ठेवणार नाही.'

मला हा कागद आवडतो, कारण त्यातली प्रत्येक ओळ खरी की खोटी हे आठवडाअखेर सांगता येतं. आणि प्रत्येक ओळीला किंमत आहे. साडेसहाला घरी यायचं म्हणून त्यांनी चाकणच्या नव्या प्लँटवरची बदली नाकारली. त्या वर्षीची पगारवाढ नावापुरती मिळाली. ते त्यांना आधीच माहीत होतं, बायकोशी बोलणंही झालं होतं.

कागद कोरा राहत असेल तर दोन गोष्टी समोर घ्या: गेल्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि मोबाइलचा स्क्रीन टाइम. आपण कशाला महत्त्व देतो असं सांगतो आणि प्रत्यक्षात कशाला देतो, यातलं अंतर तिथे उघडं पडतं. मग जुन्या ध्येयांच्या पुढे ती कधी आणि कुणी ठरवली ते लिहा. 'पुण्यात दोन फ्लॅट' हे बहुधा सासरेबुवांच्या बैठकीत ठरलेलं असतं. 'परदेशात एकदा तरी ऑनसाइट' हे बाविसाव्या वर्षी होस्टेलच्या खोलीत. यातलं काही आजही हवंहवंसं वाटत असेल तर खुशाल ठेवा. वडिलांनी सांगितलं म्हणून एखादी इच्छा खोटी ठरत नाही.

ही सगळी 'कोल्ह्याला द्राक्षे आंबट' अशातली गत नाही का?

बऱ्याचदा असते. म्हणून एक कडक कसोटी लावा. जे नकोय असं म्हणताय ते उद्या सकाळी कुणी हातावर आणून ठेवलं, त्याच्यासोबत येणाऱ्या सगळ्या कटकटींसकट, तर घ्याल का? विचारल्याबरोबर 'हो' आलं तर ते तुम्हाला हवंच आहे. तसं स्वतःशी कबूल करा आणि मिळालं नाही याचं वाईट वाटू द्या. वाईट वाटणं परवडतं. उगाच विरक्तीचा आव आणलेला माणूस घरच्यांना फार जड जातो. ज्याला खरंच नको असतं तो जीएम झालेल्या मित्राच्या पार्टीला जातो, पोटभर जेवतो आणि घरी येऊन त्या विषयावर अर्धा तास भाषण देत नाही.

प्रमोशन हुकलं. आता निवृत्तीपर्यंत याच खुर्चीत. याला यश कसं म्हणायचं?

वर जागाच कमी असतात, हे आधी मान्य करा. खाली चाळीस असतात तेव्हा वर चार असतात. उरलेले छत्तीस नालायक होते असा त्याचा अर्थ नाही. राज्य सरकारने हे केव्हाच ओळखलं. तिथे आश्वासित प्रगती योजनेत १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेनंतर वरची वेतनश्रेणी मिळते, पद तेच राहिलं तरी. पगार आणि पद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे खुद्द शासन निर्णयातच मानलेलं आहे. खासगीत अशी सोय नाही. तिथे पन्नाशीच्या माणसाने एक गोष्ट तपासावी: उद्या आपण महिनाभर रजेवर गेलो तर कुठलं काम अडेल? जे अडेल ती तुमची खरी जागा. ती दारावरच्या पाटीवर लिहिलेली असतेच असं नाही.

नोकरी सोडून मनासारखं करायचं आहे. पैशाचं कसं?

आधी आकडे, मग मन.

ग्रॅच्युइटीपासून सुरुवात करू. कायम नोकरीत सलग पाच वर्षं झाली असतील तर मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं. मूळ आणि महागाई मिळून ६० हजार आणि सेवा २५ वर्षं असेल तर सुमारे ८ लाख ६५ हजार होतात. ऐकायला बरी रक्कम आहे. लेकीच्या इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत ती संपूही शकते.

आता पेन्शन. पीएफच्या पेन्शनवर लोक फार विसंबतात. वाढीव पेन्शनचा पर्याय मिळालेले सोडले तर ते १५ हजारांच्या वेतनमर्यादेवर मोजलं जातं, तुमचा पगार लाखात असला तरी. सूत्र असं की पेन्शनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. त्यामुळे अख्खी हयात नोकरीत घालवूनही महिन्याला साडेसात हजारांच्या आसपासच गाडी थांबते, बहुतेकांची त्याच्या बरीच अलीकडे. पूर्ण पेन्शन ५८ व्या वर्षी. पन्नाशीनंतर लवकर घेता येतं, पण अलीकडे येणाऱ्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कपात लागते आणि ती कायमची असते.

राज्य सरकारी कर्मचाऱ्याला २० वर्षांची अर्हताकारी (म्हणजे पेन्शनसाठी धरली जाणारी) सेवा झाल्यावर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर रुजू झालेल्यांचं निवृत्तिवेतनाचं गणित निराळं आहे. शेजारच्या टेबलावरच्या सीनियरचा अनुभव स्वतःला लावू नका, आस्थापना शाखेत जाऊन आपलं सेवापुस्तक उघडून बसा.

आरोग्यविमा ही सगळ्यात मोठी खाच. कंपनीचा ग्रुप विमा नोकरीबरोबर जातो. पन्नाशीला नवी पॉलिसी काढलीत तर आधीपासूनच्या बीपी-शुगरसारख्या आजारांना जास्तीत जास्त तीन वर्षांचा प्रतीक्षाकाळ असू शकतो. म्हणजे ज्या काळात खिसा सगळ्यात हलका, त्याच काळात विमा अर्धवट. खात्रीचा उपाय हा: नोकरीत असतानाच, सोडायच्या निदान तीन वर्षं आधी, घरच्यांची स्वतंत्र पॉलिसी काढून ठेवायची. दोन-दोन हप्ते भरायला जिवावर येतं, पण भरा.

आणि महागाई. ६ टक्के धरली तर आज ४० हजारांत चालणाऱ्या घराला बारा वर्षांनी ८० हजार लागतात. तुमचा 'मनासारखा' आराखडा आजच्या किराणाच्या बिलावर बेतलेला असेल तर तो साठीतच फाटेल.

एवढं सगळं मांडून झाल्यावर अनेकांना कळतं की नोकरी सोडायची ऐपत आज नाही, चार वर्षांनी येईल. उत्तम. तारीख कळली की त्याच नोकरीत बसणं सोपं होतं. उलट गृहकर्ज डोक्यावर असताना 'पॅशन'च्या मागे लागून राजीनामा देणाऱ्याला मी शूर म्हणत नाही. त्याच्या शौर्याचे हप्ते दुसरंच कुणीतरी भरत असतं, बहुतेक वेळा बायको.

मी गृहिणी आहे. माझं यश कुठल्या रकान्यात लिहायचं?

हा प्रश्न विचारणाऱ्या बायका विचारायच्या आधी माफी मागतात. 'तसं काही नाही हो, सहज आपलं.' सहज नसतं ते.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईची तेव्हा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती. पुरुषाची, तोही घरकाम करणारा असला तर, ९७ मिनिटं. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका मोटार अपघाताच्या दाव्यात हेच आकडे पुढे ठेवून सांगितलं की गृहिणीच्या कामालाही उत्पन्न म्हणून धरलं पाहिजे. चांगला निकाल आहे. फक्त तो नुकसानभरपाईचा आहे. त्या दाव्यातली बाई अपघातात गेलेली होती. जिवंतपणी हा हिशेब बहुतेक वेळा घरातच मांडावा लागतो.

मी तरी सांगेन की 'मुलं मार्गी लागली हेच माझं यश' या वाक्याजवळ थांबू नका. ते खरं आहे, पण त्यात पुढच्या तीस वर्षांना जागा नाही. मुलं मार्गी लागली म्हणजे आता त्यांना तुमची रोज गरज नाही. मोकळ्या झालेल्या त्या दुपारींवर कुणीतरी हक्क सांगणारच: नातवंडं, सासूबाईंचं दुखणं, सोसायटीची भिशी. तुम्ही आधी सांगून ठेवलंत तर तुमचा.

शिकायचं असेल तर वयाची अट फारशी कुठे आड येत नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून अशाच लोकांसाठी आहे. गाण्यात अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आहेत, प्रारंभिकपासून विशारद-अलंकारपर्यंत. प्रारंभिकच्या परीक्षेला समोर आठ वर्षांची पोरगी आणि शेजारी बावन्न वर्षांच्या काकू, दोघींचे तळवे घामेजलेले, हे दृश्य काही विरळा नाही. काकूंना बहुधा आलाप येतो, पण हाताने ताल देत तालाचे बोल म्हणायची वेळ आली की गाडी अडते. पोरगी खडाखडा म्हणून मोकळी होते. विशारदपर्यंत पोचायचं की त्याआधीच्या मध्यमा परीक्षेला थांबून फक्त भजनी मंडळात नीट सुरात गायचं, ते काकूंनी ठरवायचं. मला विचाराल तर दुसरं ध्येय पहिल्याइतकंच भक्कम आहे.

एक व्यवहाराची गोष्ट: स्वतःच्या नावाचं बँक खातं, त्यात दरमहा ठरलेली रक्कम, आणि तिचा हिशेब कुणाला द्यायचा नाही. हे नसेल तर वरचं सगळं हवेत आहे.

घरच्यांना पटत नाही. काय करू?

एका घरातला संवाद, जवळपास जसा झाला तसा.

'अगं, मी विचार करतोय, मार्चनंतर सोडावं.'
'सोडावं म्हणजे? आणि करणार काय?'
'बघू. लाकूडकाम शिकायचं डोक्यात आहे.'
'बघू म्हणजे मी बघू, असंच ना? शाळा, घर, तुझ्या आई, आणि आता सुताराचं दुकान.'

ती शिक्षिका आहे आणि तिचं बरोबर होतं. नवरा निर्णय ऐकवायला आला होता, विचारायला नव्हे. दुसऱ्या खेपेला तो वही घेऊन बसला: घराला महिन्याला किती लागतात, दोन वर्षं कमाई शून्य राहिली तर कुठून येणार, आईचं कोण बघणार. आणि त्याने विचारलं, 'तुझं काय राहून गेलंय?' तिला एमएड करायचं होतं. आधी तिचं, मग त्याचं, असं ठरलं. सुतारकाम सध्या रविवारी गॅलरीत चालतं. शेजारी कुरकुरतात.

गावाला जाऊन शेती करावी म्हणतो.

जमीन आहे का? महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन सहजी विकत घेता येत नाही. १९४८ च्या कूळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं. आधी वडिलोपार्जित सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे का ते बघा. असलं, तर चुलत भावंडांशी बोलणं आहे का तेही बघा. मग एक अख्खा उन्हाळा आणि एक अख्खा पावसाळा तिथे राहून या. गणपतीच्या पाच दिवसांतलं कोकण पाहून ठरवू नका.

पन्नाशीच्या अलीकडेपलीकडे मार्ग बदललेली आपल्याकडची माणसं आहेत का?

आहेत, पण त्यांच्या गोष्टी अर्ध्याच सांगितल्या जातात. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते आणि १९६९ मध्ये, बेचाळिशीच्या उंबरठ्यावर, पूर्णवेळ नट झाले. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. त्याआधी वैद्यकी सांभाळून पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये ते कित्येक वर्षं नाटकं करत होते, हे सांगायचं राहून जातं. त्यांनी उडी मारली तेव्हा पाण्याची खोली त्यांना ठाऊक होती.

मला त्याहून जास्त विचारात पाडते ती कर्वे पितापुत्रांची जोडी. धोंडो केशव कर्व्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं १९१६ मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, म्हणजे फर्ग्युसनमधून निवृत्त झाल्यानंतर. १९५८ मध्ये, शंभरीला, भारतरत्न मिळालं. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्या कामापायी १९२५ मध्ये विल्सन कॉलेजची प्राध्यापकी गेली, तेव्हा ते त्रेचाळीस वर्षांचे होते. १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' मासिक पदराला खार लावून चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाले. १९३४ च्या खटल्यात वकील म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरीही निकाल विरोधात गेला. पुढे कुटुंब नियोजन हे सरकारचंच धोरण झालं. ते जोम धरायच्या आत रघुनाथराव गेलेले होते.

एकाच घरातली दोन माणसं. बाहेरच्या मोजपट्टीने बाप यशस्वी आणि मुलगा फसलेला. पण रघुनाथरावांनी मासिकाचा अंक काढायचा असं ठरवलं होतं आणि तो ते काढत राहिले. दर महिन्याला. यातलं आपल्याला काय झेपेल ते ज्याचं त्याने बघावं. मला तरी रघुनाथराव झेपले नसते.

मुलाने आयआयटी सोडून दिली. हे माझं अपयश का?

नाही. आणि त्याला प्रवेश मिळाला तेव्हा ते तुमचं यशही नव्हतं. पेढे वाटले ते ठीक.

लग्नकार्यात लोक विचारतात, 'मग, सध्या काय?' काय सांगावं?

विचारणाऱ्याचं अर्धं लक्ष जिलेबीच्या ताटाकडे असतं, त्यामुळे उत्तर दोन वाक्यांपलीकडे नेऊ नका. 'सध्या सकाळचा क्लास घेतो, बाकी आईचं बघतो.' पुरे. 'ब्रेक घेतलाय', 'सेल्फ-डिस्कव्हरी चाललीय' असलं काही म्हणालात तर पुढचा प्रश्न येतो, आणि तो पैशाचा असतो. एखादी मावशी तरीही खोदून विचारते, 'पण मग भागतं का?' तिला सरळ 'भागतं' म्हणा आणि तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं विचारा. ती पुढची वीस मिनिटं तुमचं नाव घेणार नाही.